गाळलं, घातलं, बदललं

तपासनीसाने डाव्या हाताची तर्जनी ओळीच्या पहिल्या अक्षरावर ठेवली, उजव्या हाताने बटण दाबलं आणि त्याची बायको कानात बोलायला लागली. तीन ओळी झाल्या. त्याने बटण पुन्हा दाबलं, ती गप्प झाली. मग हेडफोन काढून तो पेल्यातलं अर्धं पाणी प्यायला, समोरच्या वहीत तारीख घातली आणि दिवसभराचं काम उरकल्यासारखा खुर्चीला टेकला. सकाळचे साडेअकरा वाजले होते.

"काका, आज किती?" संचालिकाबाईंनी दारातूनच विचारलं.

"तीन ओळी."

"आणि काल?"

"काल चार होत्या. पण त्यातली एक आखूड होती."

बाई रागवायच्या तयारीने आल्या होत्या. त्याच्याकडे बघून त्यांनी राग आवरला, समोरची खुर्ची ओढली आणि बसल्या.

"एक तास दहा मिनिटांचं प्रकरण आहे, काका. सहा आठवडे झाले. बाकीच्या वाचकांची अख्खी पुस्तकं तुम्ही चार दिवसांत हातावेगळी करता आणि वर त्यांना रडवता."

"चुका करतात म्हणून रडतात."

"टेलिफोनवाल्या आजी दर मंगळवारी विचारतात."

"ठाऊक आहे. फोन मीच घेतो."

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. खालच्या मजल्यावर शिवणयंत्रं चालत होती, त्याची घरघर पायांना लागत होती.

"शुक्रवारपर्यंत द्या," त्या म्हणाल्या. "नाहीतर मी दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घेईन. असं बोलताना मलाच कसंतरी होतंय, पण घेईन." उठून दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "गोळ्या घेताय ना?"

"घेतो की," तो चटकन म्हणाला. इतक्या चटकन, की ते खोटं आहे हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी पुस्तकं बोलती करायची, हा त्या तिसऱ्या मजल्यावरचा उद्योग. एका खोलीच्या भिंतींना आवाज अडवायला जाड लोकरी नमदा ठोकलेला. आत वाचक बसतो, पुस्तक वाचतो, यंत्र टिपून घेतं. जीभ घसरली की वाचकाने पेन्सिलीने टेबलावर एकदा टकटक करायची, थांबायचं आणि ते वाक्य पहिल्यापासून वाचायचं. मग ती टकटक शोधून चुकलेला तुकडा कापून टाकतात. एवढं झाल्यावर फाईल तपासनीसाकडे येते. तो पुस्तक समोर धरून सगळं ऐकतो आणि वाचकाच्या नजरेतून निसटलेल्या चुका चूक-वहीत टिपतो. वहीत तीन रकाने: गाळलं, घातलं, बदललं. लेखकाने लिहिलं त्याच्या केसभर इकडे नाही की तिकडे नाही, हा तिथला कायदा. एखादा शब्द राहिला तर मूळ वाचकाला पुन्हा बसवायचं, आणि तो नसेल तर दुसऱ्याच्या आवाजात तेवढा जोड द्यायचा.

या कामात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. मागे सगळे त्याला टाचणी म्हणत. वाचकाने 'आणि' ऐवजी 'व' म्हटलं तरी टाचणी टोचायचीच. एका निवृत्त प्राध्यापकांनी तर त्याची वही बघून वाचनच सोडलं होतं. फक्त एका वाचिकेच्या नावापुढे सव्वीस वर्षांत एकही चूक पडली नव्हती, आणि ती त्याची बायको होती. लोक चेष्टा करायचे. घरची म्हणून सूट आहे का हो? तो छाती फुगवून सांगायचा, वही बघा, पुस्तक बघा, फाईल ऐका, आणि काढा चूक. कोण कशाला ऐकतंय!

खरी गोष्ट वेगळीच होती आणि ती त्याने कुणापाशी बोललेली नव्हती. बायको वाचायला लागली की पहिली दोन-तीन पानं तो ओळींवर डोळे फिरवायचा. मग गोष्टीतलं कुणीतरी दार उघडायचं, कुणीतरी पावसात निघायचं, आणि याच्या हातातली पेन्सिल कधी खाली गेली ते त्यालाच कळायचं नाही. डोळे मिटायचे. पान उलटायचं राहून जायचं. प्रकरण संपून खट् असा आवाज आला की तो दचकून जागा व्हायचा, इकडे तिकडे बघायचा आणि वहीत लिहायचा: निर्दोष. एवढा टाचणी माणूस, पण तिच्या आवाजापुढे त्याचं काही चालायचं नाही. घरात रोज 'अहो, मीठ संपलंय' म्हणणारी हीच बाई, हे त्या वेळी खरंच वाटायचं नाही.

तिच्या हातातलं शेवटचं पुस्तक म्हणजे ती नावाड्याची जुनी कादंबरी. घरोघरी वाचलेली, शेवट सगळ्यांना माहीत असलेली, आणि तरीही पुन्हा वाचायला घेतली की माणसाला जेवणाची शुद्ध राहू न देणारी. नदीवरचा एक नावाडी. त्याची बायको गेलेली. त्या नदीकाठी अशी समजूत की गेलेलं माणूस पलीकडच्या काठावरून तीनच हाका मारतं. पहिल्या दोन नुसत्या ऐकायच्या. तिसरीला ओ दिली की गेलाच. पहिली हाक तिसऱ्या प्रकरणात येते, दुसरी अकराव्यात, दोन्ही वेळा ती नुसतं 'अहो' म्हणते. आणि मग शेवटच्या पानापर्यंत वाचणारा कान टवकारून बसतो. लेखकाची हुशारी अशी, की तीनशे पानांत नावाड्याचं नाव एकदाही येत नाही, आणि ते आलेलं नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तिसरी हाक म्हणजे ते नाव. ओळीवर एकटा शब्द. तो वाचला की अंगावर काटा येतो, आणि नावाडी दोर सोडतो.

दुखणं तिला कळलेलं होतं तेव्हाची गोष्ट. शेवटचं प्रकरण वाचायला ती दोन दिवस आली. मध्ये मध्ये खोकल्यासाठी थांबायची. तो नमद्याच्या खोलीबाहेर गरम पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसून राहिला होता. ती बाहेर आली, भिंतीला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली,

"झालं बाई एकदाचं. आता तपासा सावकाश. काही घाई नाही."

"तू काय चुकणार आहेस."

"तरीपण." ती हसली. "या वेळेला डोळे उघडे ठेवून हं."

त्याचे कान लाल झाले. म्हणजे हिला ठाऊक होतं? कधीपासून? त्याने विचारलं नाही. पाच दिवसांनी ती इस्पितळात गेली आणि तिथून घरी आलीच नाही.

म्हणून हे बोट. ओळीवर बोट ठेवून तो शब्दन् शब्द ताडून बघत होता, कारण तिने सांगितलं होतं. आणि म्हणूनच रोज तीन ओळी. एक तास दहा मिनिटं एवढाच तिचा न ऐकलेला आवाज जगात उरला होता. तो संपला की मग ती काही नवीन बोलणार नव्हती. आणि शेवटाला ती हाक होती. तिच्या आवाजातली तिसरी हाक त्याला ऐकायची होती आणि ऐकायची नव्हती.

त्यात घरचं निराळंच. ती गेल्यावर आठवड्याने तिन्हीसांजेला तो स्वयंपाकघरात बसला होता, आणि आतल्या खोलीतून स्वच्छ ऐकू आलं, "अहो." तो उठून गेलासुद्धा. खोलीत घडी घातलेल्या चादरी होत्या. महिन्याने पुन्हा तसंच, त्याच वेळेला, "अहो." या वेळी तो उठला नाही. दोन झाल्या, त्याच्या मनात आलं. आणि त्याच क्षणी त्याला बरंही वाटलं.

तेव्हापासून तो तिसरीची वाट बघत होता. उगाच आडपडदा कशाला, त्याला जगायचा कंटाळा आला होता. फडताळावर त्याच्या हृदयाच्या गोळ्यांची डबी होती, आठवड्याच्या सात वारांचे सात कप्पे असलेली. इस्पितळात जायच्या सकाळी तिने ती स्वतःच्या हाताने भरली होती. त्यातली एकही गोळी त्याने घेतली नव्हती. कप्पे रिकामे झाले असते तर तिने भरलेलं काहीच उरलं नसतं. नव्या गोळ्या आणता आल्या असत्या, पण त्या त्याने आणल्या नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे औषध चुकवलंत तर गाठ माझ्याशी नाही, वरच्याशी आहे. हल्ली तीन मजले चढताना तो प्रत्येक मजल्यावर थांबायचा.

त्या मंगळवारी फोन आला.

"काय तपासनीसबुवा, नावाडी पोचला का काठावर?"

टेलिफोनवाल्या आजी जन्मांध. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली. आवाज असा ठणठणीत की रिसीव्हर कानापासून लांब धरावा.

"पोचेल, आजी. थोडं राहिलंय."

"अहो, मी एक्क्याऐंशीची आहे. नावाड्याच्या आधी मीच पलीकडे पोचायची." त्या खदखदून हसल्या. "प्रकरण पाठवा की माझ्या बापा."

"पण गोष्ट तर तुम्हाला माहीत असेल."

"माहीत? पाठ आहे! लहानपणी बहीण वाचून दाखवायची. पण आमची गंमत ऐका. त्या नावाड्याचं जे नाव ना, तेच आमच्या दूधवाल्याचं. बहीण तिसऱ्या हाकेशी आली की फिस्सकन हसायची. तीनदा वाचलं तिने पुस्तक, तिन्ही वेळा हसली. मी चिडून तिला चिमटे काढायची. सत्तर वर्षं झाली त्याला. बहीण गेली, दूधवाला गेला, आणि ती हाक काही मी धड ऐकली नाही."

"मग दुसऱ्या कुणाकडून—"

"हाक काय कुणाकडूनही ऐकायची असते होय? तुमच्या वाचणाऱ्या बाईंनी पहिल्या दोन घातल्या ना, मी खुर्चीतून उठून 'ओ' दिली. सून धावत आली, काय झालं म्हणून. आता तिसरी ऐकायची आहे. बाईंच्या तोंडून. मग मी मोकळी."

"शुक्रवारी," तो म्हणाला. तोंडातून निघून गेलं. पण गेलं ते गेलं.

शुक्रवारी त्याने शिवणयंत्रं सुरू व्हायच्या आधीच येऊन दार लोटलं आणि हेडफोन चढवला. अठरा पानं उरली होती. बोट ओळीवर, डोळे सताड उघडे. बायको वाचत होती. खोकल्याच्या जागा कापलेल्या होत्या, तरी त्याला त्या ओळखू येत होत्या. नावाडी म्हातारा झाला. पूल होणार, होणार म्हणून बोलवा उठली. कितीदा तरी त्याचे डोळे मिटायला आले आणि कितीदा तरी त्याने ते ताणून धरले. एखाद्या लहान पोराने झोपेशी भांडावं, तसा तो गोष्टीशी भांडत होता.

शेवटून दुसरं पान. 'तिन्हीसांज झाली. नावाडी काठावर बसला होता. पलीकडे धुकं होतं.' बोट खाली सरकलं. छापील पानावर पुढे होतं, 'मग तिसरी हाक आली.' आणि त्याखाली एकट्या ओळीवर ते नाव.

कानात काहीच आलं नाही. तीन-चार सेकंद गेले असतील. मग बायको म्हणाली, "नावाड्याने दोर पुन्हा खुंटीला आवळला आणि तो घरी आला."

त्याचं बोट पानावर सैरभैर झालं. असं वाक्य तिथे नव्हतंच.

"चूल पेटवली. एकट्यापुरतं भांडं चढवलं," ती त्याच संथ आवाजात वाचत होती. "आणि नीट जेवला."

मग पान उलटल्याचा आवाज. शेवटच्या पानावर छापलेलं होतं: 'सकाळी काठावर माणसं जमली. त्यांनी हाका मारल्या. नाव प्रवाहात आडवी पडली होती, आणि तिच्यात कुणी नव्हतं.' तिने माणसं जमवली, हाकाही मारायला लावल्या. पुढे म्हणाली, "आलो, आलो, म्हणत नावाडी पायऱ्या उतरला." आणि खट्.

त्याने पुन्हा लावलं. पुन्हा तेच. एकदाही टकटक नव्हती. जिभेला चुकून ठेच लागली असती तर तिने टेबल वाजवलं असतं, सव्वीस वर्षांची सवय होती ती. गाळलं होतं, घातलं होतं, बदललं होतं. तिन्ही रकाने एकाच पानात. आणि 'नीट जेवला' हे वाक्य तर कुठलाही लेखक लिहिणार नाही, ते थेट त्यांच्या स्वयंपाकघरातून आलेलं होतं.

आधी त्याला राग आला. एवढी एक हाक होती, तेवढ्यासाठी सहा आठवडे एकेक ओळ पुरवून खाल्ली, आणि ती हाकही हिने जाताना उचलून नेली. त्याने हेडफोन टेबलावर आदळला. मग तो रडला, तोंडावर रुमाल दाबून, कारण बाहेर माणसं यायला लागली होती.

दुपारी त्याने कपाटातून तिची जुनी पुस्तकं काढली. सहज म्हणून एक लावलं, दहा वर्षांपूर्वीचं, बोट ओळीवर ठेवून. त्यातल्या अनाथ मुलाला लेखकाने तीन प्रकरणं उपाशी ठेवलेलं होतं. बायकोच्या वाचनात एका म्हातारीने त्याला दारातून भाकरी दिली. दुसरं लावलं. त्यात विहिरीत पडून मरणारा कुत्रा विहिरीकडे गेलाच नाही. त्याला आठवलं, त्या दिवसांत ती भांडी घासताना लेखकांच्या नावाने बोटं मोडायची. काय मेला दगडाच्या काळजाचा माणूस, कुत्र्यानं काय घोडं मारलं होतं याचं! आणि याने ही दोन्ही पुस्तकं निर्दोष ठरवलेली होती. भाकरी मिळाल्यावर आपले डोळे ओले झाले होते, हेही त्याला आठवलं. ऐकताना तो गोष्टीत बुडणार हे ओळखून ती वाचतानाच आपलं काम साधून घ्यायची. सव्वीस वर्षं तिने त्याला बनवलं होतं, आणि फक्त या शेवटच्या वेळेला बजावलं होतं, डोळे उघडे ठेवा.

त्याने चूक-वही उघडली. पानाचा आणि ओळीचा आकडा घातला. 'गाळलं' या रकान्यात पेन्सिल टेकवली. आता हे लिहिलं की संचालिकाबाई दुसऱ्या कुणालातरी नमद्याच्या खोलीत बसवणार. कुणी परका आवाज ती हाक मारणार, नावाड्याला दोर सोडायला लावणार, आणि त्याचं चढवलेलं भांडं कापून टाकणार. त्याने खोडरबर घेतलं. आकडे पुसले, भुगा फुंकला आणि लिहिलं: निर्दोष.

"काही निघालं?" संध्याकाळी बाईंनी विचारलं.

"काही नाही."

"नेहमीप्रमाणे," त्या हसून म्हणाल्या, आणि फाईल पाठवायला घेऊन गेल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याने तिचं वाचन खरोखर तपासलं होतं, आणि पहिल्यांदाच जाणूनबुजून खोटं लिहिलं होतं.

शनिवार, रविवार, सोमवार त्याला आजींचा विचार खात राहिला. सत्तर वर्षं एका हाकेसाठी थांबलेली म्हातारी. तिच्या तोंडचा घास आपण काढून घेतला. मंगळवारी फोन वाजला तेव्हा त्याने तो दोनदा वाजू दिला.

"बुवा, ऐकलं हो प्रकरण. दोनदा ऐकलं." आजींचा आवाज आज ठणठणीत नव्हता.

"आजी, मला तुमची माफी मागायची आहे. त्यात ती हाक—"

"शेवट फिरवलाय बाईंनी. कळलं मला. घाबरू नका, मी कुणाकडे चुगली करायची नाही." त्या थांबल्या. "पण हाक ऐकली मी. अगदी मनाजोगती ऐकली."

"कशी ऐकाल? ती तिथे नाहीच आहे. मी बोट ठेवून बघितलंय."

"बोट ठेवून कशाला बघायचं! अहो, चौतीस वर्षं मी लोकांच्या बोलण्याच्या मध्ये बसले. कितीतरी माणसं फोन जोडून मागायची, समोरून कुणी उचलला की तोंड उघडायची, श्वास घ्यायची आणि ठेवून द्यायची. दुसऱ्याला वाटतं, लाईन मुकी आहे. आम्हाला कळायचं. नुसता दम खायचा श्वास वेगळा आणि कुणाला हाक मारायचा श्वास वेगळा. तुमच्या बाईंनी तो घेतला होता हो. धुकं होतं म्हणाल्या, आणि पुरता घेतला. नाव ओठांवर आलेलं होतं. मग गिळली त्यांनी हाक."

खाली शिवणयंत्रं चालू होती.

"आमच्या बहिणीला हसू आवरायचं नाही," आजी म्हणाल्या. "आणि या बाईंनी केवढं आवरलं बघा. कुणासाठी आवरलं ते मी विचारत नाही." मग नाक ओढून त्यांनी आवाज पूर्वीसारखा केला. "बरं, पुढचं पुस्तक कुठलं?"

"म्हणालात ना, हाक ऐकली की मोकळी."

"ते तेव्हा म्हणाले. आता पुढचं सांगा."

"नवीन वाचक आलेत. पुष्कळ चुका करतात."

"तुम्ही आहात ना टोचायला? आहात ना?"

"आहे," तो म्हणाला.

फोन ठेवून त्याने दार लावून घेतलं. ती जागा शोधली, आवाज पूर्ण वाढवला आणि या वेळेला पुस्तक बंद करून डोळे मिटले. पलीकडे धुकं होतं. खुर्ची करकरली. दुरून कुठूनतरी दाराचा आवाज, तो बहुतेक त्याचाच, बाटली घेऊन बाहेर बसताना झालेला. आणि मग श्वास. खोकणाऱ्या छातीला झेपणार नाही एवढा मोठा, आत, आत घेतलेला. तो तसाच राहिला. मग घोट उतरल्यासारखा बारीकसा आवाज, आणि नावाड्याने दोर आवळला.

डोळे उघडे ठेवून त्याला छापलेल्यापैकी काय नाही एवढंच सापडलं होतं. हे सापडलं नव्हतं.

घरी पोचेपर्यंत तिन्हीसांज झाली. जिन्यात तो दोनदा थांबला. स्वयंपाकघरात नेहमीच्या जागी बसला, मग उठून फडताळावरची डबी घेतली आणि मांडीवर ठेवून मंगळवारचा कप्पा उघडला. पांढरी गोळी तिने ठेवली होती तशी होती, एका कोपऱ्याला सरकलेली. त्याने ती तळहातावर घेतली. पेल्यात पाणी ओतलं.

आणि आतल्या खोलीत श्वास घेतल्याचा आवाज आला. पुरता, हाकेचा.

त्याच्या अंगावर सरसरून काटा आला. मान वळवावी असं फार वाटलं. एवढा एक शब्द, की सगळं संपलं असतं, जिने संपले असते, रोजची ही वेळ संपली असती. त्याने मान वळवली नाही.

"राहू दे गं," तो म्हणाला. "एकदा आवरलंस ना? आवर."

आत काहीच हललं नाही. त्याने गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा घोट घेतला आणि गिळली. बराच वेळ तो कान देऊन बसला. खालच्या रस्त्यावरून कुणी कुणाला तरी हाक मारली, कुणी तरी वरून ओ दिली.

मग उठून त्याने दिवा लावला, गॅस पेटवला, आणि खाली वाकून लहान पातेलं शोधायला लागला. सगळी मांडणी उपसली. सापडेना. घरातली सगळी पातेली दोघांची होती.

त्यातल्या त्यात लहान होतं ते त्याने चढवलं.